बारावा अर्ज

१ जुलै, सकाळी ६.१०
नवं शैक्षणिक वर्ष, नवी वही. (जुनीच, पण मागची पानं कोरी आहेत.) संकल्प: रोज सहाला उठून फिरायला जाणे. पुस्तक पूर्ण करणे; नऊ वर्षं दुसऱ्या प्रकरणात अडलंय. कमी बोलणे. कागद वाया न घालवणे, सगळं लिखाण पाठकोऱ्या कागदांवर.
आज फिरायला गेलो नाही. संकल्प लिहीत होतो.

१ जुलै, दुपारी
कुलसचिवांचं परिपत्रक. ज्या विभागात पहिल्या वर्षाला बारा विद्यार्थी होणार नाहीत, तो बंद. मुदत वीस तारीख, संध्याकाळी पाच. कायम नोकरीवाल्यांना दुसरीकडे सामावून घेणार, कंत्राटी लोकांना नमस्कार.
आमच्या तर्कशास्त्र विभागात आम्ही दोघंच शिकवणारे. मी कायम, मॅडम चार वर्षं कंत्राटावर. त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि पाणी प्यायल्या. मी धीर दिला. म्हटलं, मी विभागप्रमुख असताना विभाग बंद पडणं तर्काला धरून नाही. त्यावर त्यांनी परिपत्रक तिसऱ्यांदा वाचलं. पटलं असावं.

२ जुलै
उठलो ८.२०. गजर वाजला होता म्हणे. ही म्हणाली, गजराने शेजारचे उठले, ते फिरूनही आले.
मॅडमचं म्हणणं, गेटपाशी टेबल टाकून बसू, मुलांशी बोलू. मी साफ नाही म्हणालो. आपण काय भाजी विकतो? ज्याला ज्ञान हवं तो जिना चढून येईल. (लिफ्ट मार्चपासून बंद आहे.)

४ जुलै
एकवीस अर्ज आले! बघा म्हणावं कुलसचिवांना. आमच्या शिपायाला सगळे आकाशवाणी म्हणतात, त्याने ही बातमी तिन्ही मजल्यांवर पोचवली. मी लगेच स्वागत समारंभाची तारीख ठरवली: पंचवीस. भाषण मीच करणार. मांडववाल्याला साठ खुर्च्या सांगितल्या.

५ जुलै
आमच्या अर्जात अर्धं पान मोकळं असतं. त्यात ‘हा विषय मला का शिकायचा आहे’ ते लिहायचं. कल्पना माझीच, अकरा वर्षांपूर्वीची. आजवर ते कोणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा. आज वाचलं आणि कपाळावर हात मारला. एकाने लिहिलंय, ‘मला आवड आहे म्हणून.’ आवड हे कारण झालं का? एकीने, ‘दुसरीकडे जागा भरल्या म्हणून.’ हे कारण आहे, पण ते लिहायचं असतं का?
लाल पेन काढलं. निष्कर्ष घाईचा. आधार कुठे? पुन्हा लिहून आणा. सहा अर्जांवर सही केली, पंधरा परत पाठवले. दर्जा म्हणजे दर्जा.

६ जुलै
मॅडम आल्या, दार लावून घेतलं. सर, आधी प्रवेश होऊ देत, लिहायला आपण वर्षभर शिकवू की, असं काहीसं म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. त्यांच्या घराचे हप्ते आहेत, सासूबाई अंथरुणावर आहेत, सगळं मला माहीत आहे. मी समजूत घातली की घाबरलेल्या माणसाचं तर्कशास्त्र कच्चं राहतं. त्या दार उघडून गेल्या. जरा जोरात लागलं ते. वारा असेल.

१० जुलै
परत पाठवलेल्यांपैकी कोणी आलेलं नाही. याचा अर्थ मुलं मन लावून लिहीत आहेत. आकाशवाणीच्या मते नऊ जणांनी मॅनेजमेंटला प्रवेश घेतला. तिथे म्हणे अर्जावर फक्त नाव आणि फोटो लागतो. कठीण आहे.
खुर्च्या चाळीसवर आणल्या. फिरणं उद्यापासून नक्की.

१३ जुलै
मॅडम मला न विचारता गेटपाशी टेबल टाकून बसल्या आहेत. उन्हात. मी खिडकीतून पाहिलं. परवानगी दिली असं समजावं, अशी चिठ्ठी पाठवली.

१६ जुलै
नऊ झाले! मॅडम एकेकाला फोन करून बोलावतात, मी सही करतो. माझ्या धोरणाला फळ येतंय. हिला सांगितलं, तर म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा. हिला विद्यापीठाचं कामकाज कधी कळलंच नाही.

१८ जुलै
अकरा.
आणि बारावाही आहे! एक बस कंडक्टर, चाळिशीचा. ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच आला. तिसऱ्यांदा. दोनदा मीच परत पाठवला होता, हे त्याने हसून सांगितलं. त्याने लिहिलंय, ‘रोज लोक माझ्याशी भांडतात. ते चुकतात हे मला कळतं, पण कुठे चुकतात ते सांगता येत नाही.’ वा! वाचून खरंच बरं वाटलं. इतकं चांगलं लिहिलेलं घाईत कसं संपवणार? शेवटचा हात फिरवायला अर्ज घरी आणला. मॅडमनी जिन्यापर्यंत येऊन बजावलं की सर, आजच सही करा. हो हो म्हटलं.

१९ जुलै
सुट्टी. सबंध दिवस भाषण लिहिलं. आठ पानं, सगळी पाठकोरी. एक तरी संकल्प पाळला.

२० जुलै, दुपारी १२
घरीच आहे. भाषणाची तालीम. फोनचा आवाज बंद करून ठेवलाय, एकाग्रता हवी. कंडक्टरच्या अर्जावर सही करून तीनपर्यंत जाईन म्हणतो. अर्ज टेबलावरच कुठेतरी आहे.

२० जुलै, ५.२५
अर्ज सापडला. भाषणाचं पान तिसरं. त्याच्याच पाठीवर लिहिलंय, ‘विद्यार्थी हा या विभागाचा प्राण आहे.’
फोन पाहिला. मॅडमचे चौदा मिस्ड कॉल. त्यांना फोन केला. कंडक्टर ड्यूटी बदलून बारापासून ऑफिसात बसून होता म्हणे. दुसरा फॉर्म भरूनही तयार ठेवला होता, फक्त माझी सही हवी होती. आकाशवाणीला रिक्षाने माझ्या घरी पाठवलं होतं. त्याने बेल वाजवली, मला वाटलं दूधवाला. तालमीत व्यत्यय नको म्हणून उघडलं नाही.
पाचला खिडकी बंद.

२० जुलै, रात्री
मला असं वाटतं की तो अर्ज माझ्या कागदांत कोणीतरी घातला. हिला म्हणालो. ही म्हणाली, घरात आपण दोघंच आहोत, आणि मला तर्कशास्त्र येत नाही. जेवण वाढून आत निघून गेली.

२१ जुलै
विभाग बंद. अकरा मुलांना इतिहासात वळवणार. मला परीक्षा विभागात सामावून घेतलंय, अर्ज तपासणी कक्षात. कुलसचिव म्हणाले, तुमचा अनुभव कामी येईल. चेहरा अगदी गंभीर होता.
मुदत एक दिवस वाढवा, असं म्हणायला गेलो होतो. म्हणालो नाही. खुर्चीवरून उठताना आठवलं की तेच म्हणायचं राहिलं.

२३ जुलै
बसमध्ये तोच कंडक्टर. तिकीट दिलं, सुटे परत केले, आणि विचारलं, सर, पुढच्या वर्षी भरू का? भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात तो कुठे चुकतो ते मी सांगितलं असतं. पण तो भांडलाच नाही. लाज वाटली. दोन स्टॉप आधीच उतरलो.
घरापर्यंत चालत आलो. म्हणजे फिरणं झालं.

२५ जुलै
मांडववाल्याला नको म्हणून सांगायचं राहिलं. चाळीस खुर्च्या आल्या. आकाशवाणीने काहीही न विचारता पाच रांगा लावल्या.
अकराच्या सुमारास मॅडम आल्या. एक कागद पुढे केला. सवयीने लाल पेन काढलं. पहिल्या वाक्यात कारण दिलेलं नव्हतं, तिथे गोल केला. दुसरं वाक्य फार लांब, तोडलं. खाली लिहिलं, पुन्हा लिहून आणा. मग वर विषय पाहिला. कार्यमुक्तीचा अर्ज होता.
मी काहीतरी बोलणार होतो. चार वर्षं त्या किती छान शिकवत होत्या, असं काहीतरी. तेवढ्यात त्यांनी कागद घेतला, रिकाम्या खुर्च्यांमधल्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, मांडीवर पर्स ठेवून त्यावर नवा अर्ज लिहिला. सावकाश, सुवाच्य अक्षरात. कारणासकट.
तीनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. सही केली.