कॅप्टनचे मधले तीन दिवस

४ ऑक्टोबर २००४, ॲन आर्बर, अमेरिका

यामिनीने आज सांगूनच टाकलं, "आई, प्लीज, जेवताना गोळीबार नको." म्हणून ही वही. सुनेला ऐकायचं नाही ते इथे लिहीन.

शेजारचे पेत्रू रोमानियाच्या सैन्यात कॅप्टन होते. एकोणनव्वदच्या डिसेंबरात तिथलं कम्युनिस्ट सरकार कोसळलं, तेव्हा ते तिमिशोआरा शहरात होते. त्यांची नात आना पंधरा तारखेला वर्गात बोलणार आहे — 'माझे शूर आजोबा'. तिच्यासाठी ते इंग्रजीत आठवणी लिहितायत आणि मी तपासते. बत्तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. लाल पेन इथेही आणलंय.

६ ऑक्टोबर

चार पानं तपासली. स्पेलिंग भयंकर, हकिगत झकास! वीस तारखेला सैन्य लोकांना जाऊन मिळालं, बायकांनी शिपायांना पाव दिले.

पण सतराला सैन्य रस्त्यावर येतं आणि एकदम वीस उजाडते. समासात लिहिलं: मधले दिवस कुठे गेले?

७ ऑक्टोबर

पेत्रूंचं उत्तर: "थंडी होती."

म्हटलं, "इथेही आहे. पुढे?"

ते चहा करायला उठले.

११ ऑक्टोबर

आज चिडले. "मिसेस वसुधा, तुम्ही टीचर की पोलीस?"

"टीचर. पोलिसांना पटवता येतं."

हसले. मग हळूच म्हणाले, "सैन्याने लोकांवर गोळ्या झाडल्या, हे आनाने पुस्तकात वाचलंय. तिला वाटतं, मी तेव्हा दुसरीकडे होतो."

मी पेनाला टोपण लावलं. "शुक्रवारी ती वर्गासमोर उभी राहणार. कुणी मधल्या दिवसांचं विचारलं तर ती काय सांगेल?"

पानं गोळा करून ते उठले.

१२ ऑक्टोबर

पेत्रू रोजच्यासारखे माझ्यासोबत फिरायला आले नाहीत. माझं जरा जास्त झालं का? — नाही.

१४ ऑक्टोबर

जेवताना यामिनीच म्हणाली, "आई, तुमच्या कॅप्टनचं काय झालं?" म्हटलं, वहीत आहे.

संध्याकाळी पाच वाजता, आमच्या दारातल्या पायरीवर, माझ्यासमोर: हाताने लिहिलेली पानं सात. जुनी चार, नवी तीन. देणारे पेत्रू, घेणारी आना. नव्या पानांवर माझी एकही लाल खूण नाही. आना उभ्याउभ्याच वाचू लागली.

नव्यातली पहिली ओळ: "सतराला संध्याकाळी गोळ्या झाडायचा हुकूम मी दिला."