खळ्यातलं वर्तुळ

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
माघ वद्य पंचमी, शके १८५६

पुण्याला मास्तरीण व्हायचं शिकणारी माझी नात चि. काशम्मा, तिला सुंदरम्मा आज्जीचा पोटभर आशीर्वाद.

इकडं आम्ही मजेत. तुझा बाप गुरप्पा भोंग्याच्या आधी गिरणीत पोचतो. शेजारच्या बसव्वाची म्हैस व्याली, तिनं खरवस दिला होता. तुझ्या नावानं वाटी वेगळी काढली आणि तीही मीच खाल्ली. अक्षर आडवं-तिडवं आहे, पण तूच शिकवलंयस, तेव्हा बोलायची सोय नाही तुला.

तू लिहिलंस, आज्जी, मला भूमिती येत नाही, परत यावंसं वाटतं. अगं वेडे! तुझं जुनं पुस्तक फळीवर होतं. बसव्वाला काढून द्यायला सांगितलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. लई गंमत आहे की त्यात!

बिंदूला म्हणे लांबी नाही, रुंदी नाही, नुसती जागा. बसव्वाला सांगितलं तर म्हणते, "मग दिसतोय कसा वो?" म्हटलं, "तुला काय करायचंय? हाय म्हणायचं आन् पुढं जायचं." मनात मात्र तुझा आज्जा आला. माणूस गेला, पण चुलीजवळची त्याची जागा आहे तिथंच आहे. तिथं दुसऱ्या कुणाचा पाट मांडायला अजून हात धजत नाही.

समांतर रेषा म्हणजे आपल्या माळवदाच्या तुळया. कितीही वेळ बघत राहा, एकमेकींना भेटत नाहीत. दार किलकिलं असलं की लघुकोन. बसव्वा दूध घेऊन आत शिरते तेव्हा काटकोन. आणि जाताना ती तसंच सताड टाकून जाते, तो विशालकोन! झरोक्यातून ऊन गोल पडतं, ते वर्तुळ. दुपारी ते माझ्या पांघरुणावर येऊन बसतं.

वर्तुळ तर मला पुस्तकाच्या आधीच येत होतं. लहानपणी सांगोल्याकडं आमचं खळं होतं. मधोमध खांब रोवलेला, त्याला तिवडा म्हणायचे. तो केंद्र. तिवड्यापासून खळ्याच्या कडेपर्यंत दावं ताणलं की त्रिज्या. या कडेपासून तिवड्यावरून त्या कडेला रेघ नेली की व्यास. बैल ओळीनं जुंपायचे आणि ते कणसं तुडवत गोल फिरायचे. माझे वडील, आप्पा, म्हातारा बैल तिवड्याजवळ बांधायचे आणि तरणा कडेला. मी विचारलं, "असं का वो, आप्पा?"

"आतल्याला थोडं चालावं लागतंय, भाईरच्याला लई. म्हाताऱ्याला भाईर घातलं तर त्यो बसंल, आन् समदं खळं थांबंल."

मी कडेच्या बैलामागं पळायची. केसांत भुसा, पायाला कुसळं. ओरडून घसा बसायचा. लग्न झालं, सोलापूरला आले आणि ते पळणं सुटलं ते सुटलंच. पुस्तकात वर्तुळ बघितलं आणि काशे, खरं सांगते, नाकाला त्या ज्वारीचा वास आला.

आता, पुस्तक वाचायला आज्जीला एवढी सवड कुठनं मिळाली, असं तुझ्या मनात आलंच असेल. संक्रांत झाल्यावर न्हाणीत पाय घसरला. खुबा मोडला. हाड बसवणारा येऊन गेला. तेव्हापासून बाजेवर आहे. बसव्वा सगळं करते, बडबडत करते, पण मायेनं करते.

गुरप्पा म्हणाला, "अव्वा, काशीला घेऊन येतो. तुझं बी करंल, आन् बार्शीचं स्थळ बी उरकून टाकू. अडतीचं दुकान हाय त्यांचं."

"परीक्षा हाय तिची."

"तू अशी पडलेली, आन् परीक्षा काय घेऊन बसलीस? एकदा हितं आली की..."

"की परत जायाची न्हाय. व्हय ना?"

टोपी घातली आणि गिरणीत निघून गेला. येत्या रविवारी सुट्टी आहे, तेव्हा तो पुण्याला येणार. आज्जी मरायला टेकलीय म्हणून सांगेल. मी टेकलेय ती उशीला. तुला रडू येईल, ये. पण त्याच्याबरोबर निघू नकोस. परीक्षेला बस. नापास झालीस तर पुन्हा बस. याउपर आलीसच, तर मी दार उघडणार नाही. उघडता येणारही नाही म्हणा.

तो दारात आला की हा कागद काढ आणि इथून पुढचं त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

गुरप्पा, मी तोंडानं सांगितलं ते तू ऐकलं नाहीस. आईनं तुला लिहिलेलं हे पहिलंच आहे, ते तरी ऐक. बघ, तुझी पोर कशी घडाघडा वाचते आहे. तिच्या डोक्यावर हात ठेव आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटा परत ये. माझी भाकरी तू थाप. कशीही झाली तरी मी खाईन.

तुम्हा दोघांची,
एक पाय सोडून बाकी धडधाकट,
सुंदरम्मा