एका पेशीवरून निदान

प्रिय नचिकेत,

तुझा मेसेज मिळाला. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंस, तुकोगंजच्या मनोविकारतज्ज्ञांकडे बाबांची वेळही घेतलीस, आणि वर 'ताई, बाबांना मी मेलबर्नला घेऊन जातोय, आता चर्चा नको' असं ठणकावलंस. तिथे बसून इथल्या तुकोगंजात अपॉइंटमेंट मिळवणाऱ्या भावाचं कौतुक करावं की कान उपटावेत, हे ठरेना, म्हणून पत्र लिहायला बसले. व्हिडिओवर तू मला मध्येच तोडतोस आणि फोनवर हे बोलता येणार नाही. आपल्याकडे फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि शेजारच्या मनोरमाकाकू भिंतीपलीकडून हुंकार भरतात. तेव्हा हातानेच लिहिते आहे, पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर चष्म्याचा नंबर तपासून घे.

तुझं म्हणणं मला समजतं. तू बाबांना फोन केलास, ते म्हणाले, "चारू ऑफिसला गेलीये, सहाला येईल." आणि त्याच वेळी तुझ्या लॅपटॉपवर मी तुला दिसत होते, तुझ्याच जुन्या खोलीत, पाठीमागे तुझं ते क्रिकेटवाल्याचं फाटकं पोस्टर. तू विचारलंस, "बाबा, ताई वरच्या खोलीत तर नाही ना?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "वर किराएदार आहे." झालं. तू ठरवून टाकलंस की बाबांची स्मृती चालली.

माझं काम काय, हे तू लोकांना 'ताई डीएनएचं काहीतरी बघते' असं सांगतोस, ते एकदा नीट ऐक. रक्त पुण्याच्या लॅबमध्ये येतं. तिथे पेशी वाढवतात, रंगवतात, त्यांचे फोटो काढतात आणि ते फोटो इथे इंदूरला माझ्या स्क्रीनवर उतरतात. एका पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, सगळी अस्ताव्यस्त. (पहिल्या दिवशी बाबांची नजर पडली तर म्हणाले, "शेव सांडली का गं?") मी ती एकेक उचलून जोडीजोडीने मांडते. एखादं जास्त आहे का, कमी आहे का, एकाचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटलाय का, ते बघते. आणि बाळा, एका पेशीवरून आम्ही रिपोर्ट देत नाही. वीस बघतो. एखादीत काही वावगं दिसलं तर आणखी बघतो, कारण कधी कधी ती पेशी काचेवर पसरतानाच गडबडलेली असते. मग दुसरा माणूस तीच केस आपल्या डोळ्यांनी पुन्हा बघतो, तेव्हा कुठे सही होते. तू एका फोनवर निदान केलंस आणि विमानाचं तिकीट काढलंस. आमच्या लॅबमध्ये तुला चहा आणायलासुद्धा ठेवणार नाहीत.

तर आता आणखी थोड्या पेशी बघ. आई गेल्यावर मी पुण्याची खोली सोडून इथे आले आणि वर दोन मॉनिटर मांडले. तेव्हा सकाळी उठून जिना चढायचा आणि कामाला लागायचं, असं चाललं होतं. मग एका सोमवारी बाबांनी माझ्या हातात टिफिन ठेवला. म्हणाले, "ज्याला पगार मिळतो तो घराबाहेर पडतो." मी म्हटलं, बाबा, माझं ऑफिस वरच आहे. ते म्हणाले, "असेल. पण जायचं तर रस्त्यानेच." तुला माहीत आहे, या माणसाने महूच्या शाळेत गणित शिकवायला सगळी नोकरीभर अप-डाउन केलं. नोकरी म्हणजे जाणं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. वाद घालायचं त्राण मला नव्हतं. मी केस विंचरले, चपला घातल्या आणि निघाले. बाबा फाटकापर्यंत आले आणि हात हलवला. मी गल्लीला वळसा घातला, कोपऱ्यावर रजतभियाच्या ठेल्यावर पोहे खाल्ले, आणि मागच्या लोखंडी जिन्याने आपल्याच घरात ऑफिसला पोहोचले. तेव्हापासून रोज हेच चाललंय. लोकमान्यनगरात माझ्यापेक्षा लांबचा रस्ता धरून इतक्या जवळ जाणारं दुसरं कुणी नसेल.

एकदा टिफिन विसरले. बाबांनी आतल्या जिन्याने सरळ वर यावं ना! नाही. गल्लीला वळसा घालून, धापा टाकत, मागच्या जिन्याने आले. दार वाजवलं. पेशंटची माहिती कुणी बघायची नसते, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं, म्हणून दाराकडे पाठ करून उभे. तसाच हात मागे करून डबा दिला आणि "घरून आलोय" म्हणून निघून गेले. रविवारी जास्तीचं काम निघालं तर रविवारीसुद्धा टिफिन. पावसात छत्री. सहाला पुढच्या दाराने आत आले की चहा तयार, आणि प्रश्न ठरलेला: "आज गर्दी होती का?" मी सांगते, शेहेचाळीस जण होते. एखाद्या दिवशी म्हणते, आज सत्तेचाळीस निघाले. मग ते माझ्या पुढ्यात आणखी एक बिस्कीट सरकवतात.

राहिली किराएदाराची गोष्ट. लॅबने नवा मॉनिटर पाठवला होता. कुरिअरवाला दारात. बाबा म्हणाले, "मैडम ऑफिस गई हैं, शाम को आना." मी वरच्या गॅलरीतून ओरडले, "भिया, रुको, मैं ही हूँ!" कुरिअरवाल्याने वर पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि त्याला म्हणाले, "वो किराएदार हैं. उनका सामान नहीं है." आणि दार लावून घेतलं! मी मागच्या जिन्याने उतरून, अख्ख्या गल्लीला वळसा घालून त्याला कोपऱ्यावर गाठलं. रजतभिया पोट धरून हसत होता. मीही हसले. किती दिवसांनी हसले, ते तिथेच रस्त्यावर खोकं धरून उभी असताना माझ्या लक्षात आलं.

मलाही तुझ्यासारखीच शंका आली होती, हे कबूल करते. म्हणून थोडे दिवस बाबांवर नजर ठेवली. विजेचं बिल वेळेवर, औषधं वेळेवर, काकूंच्या नातवाची बीजगणितं तोंडी. गुणसूत्रं सगळी जागेवर, फक्त ही एक जोडी जुळेना. मग गेल्या गुरुवारी चार्जर घ्यायला भर दुपारी आतल्या जिन्याने खाली येत होते. स्वयंपाकघरात काकू बाबांना झापत होत्या, "भाऊजी, तुम्ही पण ना, हद करता. चारू वर बसलीये, सगळ्या गल्लीला मालूम आहे." आणि बाबा म्हणाले, "मला पण मालूम आहे ना, वहिनी. वरती चार्जर काय, बल्ब काय, मीच तर नेऊन ठेवतो. पण टिफिन घेऊन निघायचं म्हणून ती आंघोळ करते. बाहेर निघते म्हणून पोहे खाते, चार लोकांशी बोलते. नाही तर परदा लावून बसायची ती, आठ-आठ दिवस. हाक मारली तर ओ द्यायची नाही. लोकं मला पागल म्हणतात तर म्हणू दे. मास्तरला पोरं तसंही म्हणतच होती."

नचू, मी चार्जर न घेता वर गेले, आणि मागच्या जिन्याने उतरून पुन्हा कोपऱ्यावर गेले. रजतभियाने न विचारता पोहे दिले, जीरावनचा तिखट मसाला जरा जास्तच टाकला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण झालं.

मी बाबांना सांभाळायला आले, असं मी तुला सांगितलं, लॅबला सांगितलं, काकूंना सांगितलं. तशी मी आलेही होते. पण आई गेल्यावर मला उठवेना. जेवण नको, माणूस नको, खिडकी नको. स्क्रीनवरच्या त्या शेवेशिवाय मला काही दिसत नव्हतं, आणि काम चोख होत होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू माझंच तिकीट काढलं असतंस. आमच्याकडे प्रत्येक केस दुसऱ्या कुणीतरी बघावी लागते. माझी केस बाबांनी बघितली. आणि वीस पेशींसाठी थांबले नाहीत.

काल मी तुकोगंजला फोन केला होता, तुझी अपॉइंटमेंट रद्द करायला. तिथली मुलगी म्हणाली, "मैडम, कैंसिल करना है कि नाम बदलना है?" मी म्हटलं, नाम बदल दो. तिथे आता माझं नाव आहे. बरी होते आहे मी, पण पोह्यांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं, पुढचं डॉक्टरांनी बघावं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो सोबत. टिफिन लागेल का?" तेव्हा तू तुझं तिकीट रद्द करू नकोस, ये. पण बाबांचं काढू नकोस. तुझ्याकडे गेले तर ते तिथे सुखाने राहतील, मला माहीत आहे. मला सकाळी फाटकापर्यंत सोडायला कोण येईल? अजून थोडे दिवस ते मला इथे हवे आहेत. आणि झोपायला तुझीच खोली मिळेल, मात्र सकाळी माझं काम सुरू व्हायच्या आत ती रिकामी करावी लागेल. बाबांनी तुझ्यासाठीही एक टिफिन घासून ठेवलाय.

तुझीच,
चारूताई
(सध्या वरच्या मजल्यावरची किराएदार)