मला अरबी येते

३ मार्च २०००, शुक्रवार
नवी डायरी. संकल्प: रोज लिहायचं आणि मराठीत लिहायचं. दाभोळच्या शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे.
पेपरात आलंय की दुबईत इंटरनेटवाल्यांसाठी अख्खी सिटी बांधतायत. परदेशी कंपन्या रांग लावून उभ्या आहेत. अडचण एकच, अरबीत वेबसाईट करून देणारी माणसं मिळत नाहीत. आणि मी आठ वर्षं इथे दुबईतच, देऱ्याच्या बाजारात, इलेक्ट्रिकल दुकानाच्या स्टोअरमध्ये केबलची भेंडोळी मोजतोय!

९ मार्च, गुरुवार
दुकानात डेन्मार्कचा एक गोरा आला. येन्स. नव्या ऑफिससाठी एक्स्टेन्शन बोर्ड हवे होते. समोरच्या पाट्यांकडे बघून म्हणाला, हे कोण वाचत असेल देव जाणे. मी चारही पाट्या घडाघडा वाचल्या. तो थक्क. यू रीड अरेबिक? म्हटलं, सिन्स एज सिक्स.
यात काडीचं खोटं नाही. सहाव्या वर्षी मशिदीतल्या मक्तबमध्ये बसलो, दहाव्या वर्षी कुरआन पूर्ण वाचला. माझ्या आवाजाचं गावात अजून नाव काढतात. अर्थ त्याने विचारला नाही. मीही घाईत होतो.

२१ मार्च, मंगळवार
येन्सने कॉफीला बोलावलं. त्यांचं इंटरनेटवर दुकान आहे. कपडे, खेळणी, भांडी. ऑक्टोबरच्या कम्प्युटर प्रदर्शनात अरबी वेबसाईट दाखवायची आहे. ट्रान्सलेशन एजन्सी फार पैसे मागते म्हणाला. म्हणून मी.
पोस्ट: रीजनल हेड, अरेबिक. सहा हजार दिरहाम. म्हणजे बहात्तर हजार रुपये! इंटरनेट सिटीतलं ऑफिस होईपर्यंत हम्माद म्हणून एक लोकल पार्टनर आहे, त्याच्या लायसन्सवर व्हिसा. येन्स मला ‘के’ म्हणतो. खैरुद्दीन त्याच्या तोंडात मावत नाही.

२५ मार्च, शनिवार
राजीनामा दिला. मॅनेजर उपेंद्र सबनीस खुर्चीतून उठलेच. म्हणाले, परकार, तुम्हाला वाचता येतं, पण कळतं का? वर सल्ला दिला, नोकरी ठेवा, ते काम संध्याकाळी करा. जळफळाट, दुसरं काय. म्हटलं, येतं म्हणजे येतं.
त्यांनी चहा मागवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

२६ मार्च
बायकोची, जहांआराची, कटकट. तिचा आणि लेकीचा, कशफचा, व्हिसा माझ्या व्हिसावर. माझं काही बिनसलं तर दोघींना दाभोळला जावं लागेल, आणि कशफला मराठीचा म सुद्धा वाचता येत नाही. चौथीत आहे. तिथल्या शाळेत तिला पहिलीत बसवतील, म्हणे.
बायकांना लांबचं दिसत नाही. कशफला विचारलं, पापा मोठे साहेब झाले तर आवडेल ना? म्हणाली, व्हॉटेव्हर.

२ मे
काम सुरू. पद्धत माझी मीच शोधून काढली. उर्दूतला जो शब्द जड वाटतो तो अरबीच असणार. हलका वाटला तर सोडायचा. शिवाय टेलरांच्या, भांडीवाल्यांच्या पाट्या उतरवून आणतो. आज टेलरच्या पाटीवर ‘मलाबिस’ मिळालं. म्हणजे कपडे. आत शिंपी बसला होता, त्यावरून ओळखलं.
पाट्यांवर जेर-जबर, म्हणजे आपल्या काना-मात्रा, मात्र देत नाहीत. या लोकांना स्वतःच्या भाषेची शिस्त नाही.

१५ जून
डिस्काउंटला ‘रिआयत’ टाकलं. जड शब्द आहे. येन्सने विचारलं, शुअर? म्हटलं, हंड्रेड पर्सेंट. तो खूश. त्याला अलिफ कुठून सुरू होतो हेही कळत नाही. अशा माणसाबरोबर काम करायला मजा येते.

४ सप्टेंबर
‘वुमेन’चा सेक्शन. मी लिहिलं ‘औरत’. मलाबिस आणि औरत. शोभून दिसतं.
जहांआरा भाजी निवडता निवडता म्हणाली, अरबीत बायकांना निसा म्हणतात ना? सुरे निसा नाही का आपण वाचत? मी तिला चांगलं फैलावर घेतलं. कुरआनातल्या अध्यायाचं नाव गाऊन आणि चड्ड्यांवर लावू? तोबा! तिने निवडलेली भाजी टोपलीत टाकली. मग म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या मिसरी, इजिप्तच्या, बाईंना विचारून येऊ का? खबरदार म्हटलं. रीजनल हेडची बायको शब्द मागत दारोदार फिरते, हे बरं दिसेल का?

२८ ऑक्टोबर
उद्या प्रदर्शन. हम्माद त्याच्या काकांना आणि सरकारी खात्यातल्या साहेबांना घेऊन येणार आहे. सगळं त्यावर अवलंबून. येन्सला सुचवलं की वेबसाईट मी स्वतः माइकवर वाचून दाखवतो. त्याला आयडिया फार आवडली. नवा सूट घेतला. गळा बसू नये म्हणून दिवसभर गरम पाणी.

२९ ऑक्टोबर, रविवार
वाचलं. काय वाचलं, थेट मक्तबमधल्या सुरात! आवाज असा लागला की पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी आदराने मान खाली घातली. मग ‘मलाबिस औरत’ आलं. मी ते लांबवून, दोनदा वाचलं. मग मागून हसू फुटलं आणि हळूहळू सगळा हॉल हसायला लागला. लोकांना मजा आली. हम्मादच्या काकांची नमाजाची वेळ झाली असावी, उठून गेले. साहेबही गेले. हम्माद एवढंच म्हणाला, खलास. म्हणजे काम फत्ते.

३० ऑक्टोबर
शेजारच्या स्टॉलवरच्या लेबनानी माणसाने येन्सला सगळं समजावलं. येन्सने मला. त्यांच्या भाषेत औरत म्हणजे बाई नव्हे. माणसाने लोकांसमोर जे अंग झाकायचं, ते अंग. आणि रिआयत म्हणजे आजाऱ्याची वगैरे देखभाल. म्हणजे मोठ्या पडद्यावर लिहिलं होतं की आमच्याकडे गुप्तांगांचे कपडे मिळतील, खास देखभालीसह.
ही टेक्निकल चूक आहे. उर्दूची चूक आहे. कुणीतरी व्हिडिओ काढलाय. आज तीन स्टॉलवर लावला होता. मी समोरून गेलो तर एका पोराने माझ्याच सुरात म्हणून दाखवलं. सूर चुकला होता त्याचा.

२ नोव्हेंबर
येन्स बहरीनला गेला. तिथे संधी जास्त आहेत म्हणे. जाताना मिठी मारून म्हणाला, के, यू आर अ कॅरेक्टर. एक्स्टेन्शन बोर्डही काढून नेले.
सबनीसांना फोन केला. माझ्या जागी भिवा नावाचा राजापूरचा माणूस आलाय. त्याला शब्द कळत नाहीत, पण मोजलेली केबल बरोबर निघते, म्हणाले. टोमणा होता. मी सोडून दिला.

६ नोव्हेंबर, सोमवार
हम्मादने बोलावलं. जहांआरा दारापर्यंत आली. म्हणाली, माफी मागा, कशफच्या परीक्षेपर्यंत तरी राहू द्या म्हणावं.
माणूस दिलदार. गावा, त्यांची ती बिनदुधाची कॉफी, पाजला. त्याच्या मॅनेजरने एक अरबी कागद पुढे केला. हिंदीत म्हणाला, पढ लो, नहीं तो इंग्लिश में बनवा देता हूँ. इंग्लिश? मला? सगळं ऑफिस बघत होतं. उभा राहिलो आणि वरपासून खालपर्यंत वाचला, एकदाही न अडखळता. कुणी हसलं नाही. हम्मादने विचारलं, समझा? म्हटलं, एकेक अक्षर. सही केली.
अर्थ स्पष्ट आहे. ‘हिरमान’ आलं होतं, म्हणजे आपला हिरमोड. झाल्या प्रकाराने त्याचा हिरमोड झालाय, साहजिक आहे. पुढे ‘सना’, म्हणजे वर्ष, आणि ‘इकामा’, म्हणजे राहण्याचा परवाना. हिरमोड झाला तरी एक वर्ष राहू देतो, असं. येताना एक किलो बकलावा आणला. जहांआरा रडली. आनंदाने रडताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. कशफने तीन तुकडे खाल्ले.

८ नोव्हेंबर
जहांआरा मला न विचारता कागद घेऊन त्या मिसरी बाईंकडे गेली होती. दहा मिनिटांत परत आली. ओरडली नाही, हेच वाईट.
हिरमान म्हणजे बंदी. माझ्या स्वखुशीने इकामा रद्द, माझा आणि माझ्यावरच्या दोघींचा. एक वर्ष पुन्हा यायचं नाही. तीस दिवसांत देश सोडायचा. खाली लिहिलंय की सही करणाऱ्याने हे स्वतः वाचलं आहे आणि त्याला समजलं आहे. मिसरी बाई म्हणाल्या म्हणे, सही केली नसती तर हम्मादला कायद्याने नोटीस द्यावी लागली असती, तेवढ्यात कशफची परीक्षा झाली असती.
मला खूप भीती वाटतेय. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

१९ नोव्हेंबर
कशफचं नाव काढायला शाळेत गेलो. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून बरं. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात मी लिहिलं, फादर्स प्रमोशन.
कशफने टाचा उंचावून वाचलं. बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, पापा, दॅट्स नॉट द वर्ड.
मागे रांग मोठी होती. मी फॉर्म तसाच आत सरकवला.