माझ्या मुलीची कादंबरी होऊ नये म्हणून

मी, आसावरी हरिहर पोंक्षे, वय चौतीस, व्यवसाय मुद्रितशोधन, राहणार वर्तकनगर, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उलट घरातल्या प्रत्येकाने "कशाला गं हे?" असं विचारून झालं आहे, तरी लिहीत आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. धोका अगदी थोडा, असं डॉक्टर म्हणतात. थोडा म्हणजे नाही असं नव्हे. माझे पती ब्रँडन आर्थर मिरांडा म्हणतात, "अगं, अक्कलदाढ काढायची होती तेव्हापण तू सगळे पासवर्ड लिहून ठेवलेलेस." ठेवले होते. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

१. वर्तकनगरचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा हिस्सा ब्रँडनला मिळावा. बाल्कनीची जाळी आमची मुलगी अंतरा मोठी होईपर्यंत काढू नये. "हवा येत नाही" हे कारण चालणार नाही.

२. बँकेतली माझी सगळी शिल्लक अंतराच्या शिक्षणासाठी. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार ब्रँडनने पाहावा. त्यातून मोटरसायकल घेऊ नये. तो घेणार नाही, पण लिहिलेलं बरं.

३. माझे शब्दकोश आणि भिंग ऑफिसमधल्या कृतिकाला द्यावं. लाल पेनं मात्र तिला देऊ नयेत, ती टोपणं हरवते.

४. माझी आई, कै. मंदाकिनी, हिची मोहनमाळ अंतराची. ती मोठी होईपर्यंत माळ माझ्या सासूबाई थेल्मा मिरांडा यांच्याकडे कोपरीला राहील. "आपलं सोनं त्यांच्याकडे कशाला?" असं माझी आत्या विचारील. तिला सांगावं की आईच्या शेवटच्या आजारात रोजचा डबा कोपरीहून मानपाड्याला आई-बाबांच्या घरी येत होता, आत्याकडून नव्हे. तो डबा बाबा आईला स्वतःच्या हाताने भरवायचे आणि मग उठून स्वतःसाठी वेगळा वरणभात लावायचे. थेल्मामम्मींनी हे पाहिलं होतं. त्यांनी डबा थांबवला नाही.

५. आता बाबा. हे कलम लांबणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

माझे वडील हरिहर वासुदेव पोंक्षे, राहणार मानपाडा, डोंबिवली, हे 'निरंकुश' या टोपणनावाने कादंबऱ्या लिहितात. चौथीपर्यंत त्यांनी मला शाळेत घातलं नाही, घरीच शिकवलं. मला येणारं सगळं मराठी त्यांचं आहे. निबंध लिहिला की ते एकच विचारायचे, "वाक्य चांगलं आहे, पण खरं आहे का?" खरं नसेल तर खोडायला लावायचे. हा नियम फक्त मला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मला पहिल्यांदा पाळी आली हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं, कारण ते दिवाळी अंकात छापून आलं होतं. त्या कथेतला बाप मुलीला शेजारी बसवून सगळं समजावून सांगतो. प्रत्यक्षात बाबा आठवडाभर माझ्याशी बोललेच नव्हते. त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं, असं आई म्हणायची. लिहायला मात्र सुचलं.

माझं लग्न चर्चमध्ये झालं. लग्नाआधी ब्रँडनच्या घरी 'उंबराचं पाणी' असतं, म्हणजे विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं. बाबा ना त्याला आले, ना लग्नाला. बीपी वाढलं होतं म्हणे. आई एकटी रिक्षाने आली आणि मांडवात सगळ्यांना सांगत राहिली, "ह्यांना बरं नाहीये हो." दोन वर्षांनी बाबांची कादंबरी आली. तिच्यात ब्राह्मण बाप ख्रिस्ती जावयाच्या दारी येतो, स्वतः डोक्यावर कळशी घेऊन बँडच्या पुढे चालतो आणि लेकीला वेदीपर्यंत नेऊन सोडतो. 'बदलत्या महाराष्ट्राचा बाप' असं परीक्षणात छापून आलं. बायका मला बाबांच्या कार्यक्रमांत गाठून म्हणायच्या, "किती मोठ्या मनाचे गं तुझे बाबा!" मी मान हलवायचे. काय करणार होते?

थेल्मामम्मींना मी ते प्रकरण वाचून दाखवलं. त्या पोट धरून हसल्या. "तुजे बापसाला कोनी सांगला? पानी बायका आनतान! यो कलशी घेऊन कुठं निंगाला?"

त्या कादंबरीची मुद्रितं मीच तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घ सगळं सुधारलं. बापाला हात लावला नाही.

ही तक्रार केवळ माझी असती तर मी मृत्युपत्रात आणली नसती. पण गेल्या महिन्यात कल्याणला सत्कार झाला, तिथे बाबांनी जाहीर केलं की पुढची कादंबरी आजोबा आणि नातीची आहे. अंतरा सहा वर्षांची आहे. मी असले तर तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहीन. नसले तर आई नसलेली नात त्यांच्या हाती लागेल. असा विषय कुठला लेखक सोडतो?

मागच्या रविवारी ते घरी आले तेव्हा मी सरळ विचारलं.

"लिहायला घेतलंय का, बाबा?"

"टिपणं गं नुसती. परवा म्हणाली, आजोबा, तुमच्या दाढीत साखर सांडलीय. आता हे सोडवतं का, सांग!"

"टिपणं किती?"

"दोन प्रकरणं."

"बाबा!"

"अगं, गोड आहेत दोन्ही. कोणाला दुखवणारं काही नाही."

"त्यातला आजोबा नातीच्या बाप्तिस्म्याला जातो?"

बाबा चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "जातो."

"तुम्ही आला नव्हता. मग न गेलेला आजोबा लिहा ना. एकदा तरी चुकणारा माणूस लिहा, मुद्रितं मी फुकट तपासते."

"तसला माणूस कोण वाचेल, आसावरी?"

"मी."

ब्रँडनने चहा आणला. तो बाबांनी घेतला, हे न्यायाला धरून नोंदवते.

६. म्हणून माझी इच्छा अशी. अंतराचा ताबा ब्रँडनकडेच राहील. ती इंग्रजी शाळेत जाते, ब्रँडनचं मराठी बोलण्यापुरतं आहे. बाबांसारखं मराठी तिला दुसरं कोणी शिकवू शकणार नाही, आणि त्यांच्यावर कितीही चिडले तरी हे मला नाकारता येत नाही. बाबांनी दर रविवारी कोपरीला थेल्मामम्मींच्या घरी जावं आणि तिथल्या टेबलावर अंतराला वाचायला-लिहायला शिकवावं. जेवायची वेळ झाली तर तिथेच जेवावं. मासळी नको असेल तर नको म्हणावं, पण घरून डबा नेऊ नये. छडी नाही. खाडाखोड करायला लावावी, रडवू नये.

अट एकच. अंतरावर, तिच्या बोलण्यावर, तिच्या आजारांवर, तिच्या आई नसण्यावर त्यांनी एक ओळही छापू नये. नाव बदलूनही नाही. छापली तर रविवार बंद. लिहिलेली दोन प्रकरणं फाडा असं मी म्हणत नाही, ती ब्रँडनकडे द्यावीत. अंतरा अठरा वर्षांची झाली की तिच्या हातात पडतील, पुढचं ती ठरवील.

माझ्यावर हवं ते लिहावं. मला सवय आहे.

७. या मृत्युपत्राने बाबांना कोणतीही मालमत्ता मिळत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील मेघनाताई म्हणाल्या, आणि मला बाबा साक्षीदार म्हणूनच हवे आहेत. उद्या "मला कोणी सांगितलंच नव्हतं" असं त्यांना म्हणता येऊ नये. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. बाबांनी मात्र माझ्या आग्रहावरून सगळा वाचला, सहावं कलम दोनदा. पाचव्या कलमातल्या एका स्वल्पविरामाला हरकत घेतली. ती मी मान्य केलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो खरा आहे. खाली दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली.

ठिकाण : वर्तकनगर, ठाणे
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार :
(सही) आसावरी हरिहर पोंक्षे

साक्षीदार :
१. (सही) वैशाली दत्ताराम केळसकर, शेजारी

२. (सही) निरंकुश
(सही) हरिहर वासुदेव पोंक्षे

खुलासा : साक्षीदार क्रमांक दोनसमोर दोन सह्या आहेत. वरची सवयीने झाली, ती लेखकाची आहे, ग्राह्य धरू नये. खालची माझ्या वडिलांची आहे.

(सही) आ. ह. पोंक्षे