निघतानाचा घास

मर्गिलान, १२ ऑक्टोबर

चिरंजीव ओयबेक,

घरातले सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत. तूही धडधाकट असशील असं धरून पुढे लिहितो. आजीचा आवाज अजून चार अंगणं ओलांडतो. डाळिंबं यंदा खूप लागली, पण झाडावरच फुटली. पत्र तुझ्या मावशीच्या पत्त्यावर पाठवतोय. फोन का केला नाही, ते वाचता वाचता कळेल.

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकून तळव्याला टेकली आहेत. कारखान्यात माग दुरुस्त करताना फणीत हात घातला की अडकतात. परवा एका विणकर बाईच्या ताण्याचे उभे रेशमी धागे माझ्याच बोटांनी तुटले. ती लगेच एकेक टोक गाठू लागली, ते जास्त लागलं. तळव्यातला आखडलेला पडदा कापला की सरळ होतील, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच मान डोलावली नाही. भुलीच्या औषधांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मला मागही कोणी शिकवला नव्हता. उघडला, पाहिला, परत जुळवला.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दिलफुझा नावाच्या, तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. मी आधीच बजावलं, "फक्त हात बधिर करा. शिरेतून काही नको. मला जागं राहायचंय."

"राहा की," बाई म्हणाल्या. "काखेत सुई देते. हात झोपेल, तुम्ही गप्पा मारा. माराच. जीभ जड वाटली, कानात गुणगुण झाली, तोंडाला लोखंडाची चव आली, तर लगेच सांगायचं."

"म्हणजे औषध रक्तात जास्त गेलं. वाचलंय मी."

"वा उस्ताद! मग मी घरी जाऊ का? बरं, पोट मात्र आदल्या रात्रीपासून रिकामं हवं. साधं पाणी कधीपर्यंत घ्यायचं, ते मी सांगेन."

हाताच्या कामात पोट कुठून आलं, असं मी विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, औषध चुकून शिरेत गेलं तर झटके येऊ शकतात. मग त्याच क्षणी शिरेतून औषध देऊन झोपवावं लागेल. त्या झोपेत घशाची राखणही थांबते. पोटातलं वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं. "असं क्वचितच होतं," त्या म्हणाल्या, "पण कोणाला होणार, हे मला आधी कळत नाही." हे बोलणं मला आवडलं. हिला यंत्र कळतं, असं मनात आलं.

ठरलेल्या सकाळी मी उपाशीपोटी निघालो. दारात आजी गरम नान घेऊन उभी. आपल्याकडे लांब जाणाऱ्याने नानचा एक घास तोडायचा आणि उरलेली त्याच्या परतण्यासाठी टांगून ठेवायची. तिला नाही कोण म्हणणार? मी घास तोडला. कोरडा लागला म्हणून वर वाटीभर दुधाचा चहा प्यालो.

टेबलावर दिलफुझाबाईंनी विचारलं, "काही खाल्लंत?"

"नाही."

"काहीच नाही?"

"निघतानाचा घास. ते काही खाणं नव्हे."

"आणि तो घशाखाली कशाने ढकललात?"

मी चहाचं सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले. "उठा उस्ताद. पुढच्या आठवड्यात या. तोवर वाचलेलं पुन्हा वाचा." नर्स भिंतीकडे तोंड करून हसत होती.

घरी आलो तर आजी पेटली. "एका घासासाठी माझ्या मुलाला परत पाठवलं? असले कसले डॉक्टर! तुझ्या बापाला तर मी ताटभर पुलाव चारून पाठवला होता."

मी म्हटलं, "आई, तिथे विचारलं नाही कोणी?"

"विचारलं की. मी म्हटलं, सकाळपासून पाण्याचा थेंबही नाही. खरं सांगितलं असतं तर तुझ्यासारखंच हात हलवत परत यावं लागलं असतं त्यांना!"

आणि ती पुन्हा कोथिंबीर निवडू लागली.

ओयबेक, हर्नियासारख्या साध्या कामाला गेलेले तुझे आजोबा त्या झोपेतून उठले नाहीत. भूल देणारा बाहेर आला, म्हणाला, उलटी फुफ्फुसात गेली. मी त्याची कॉलर धरली, खुनी म्हणालो. त्याच हिवाळ्यात तो गाव सोडून गेला. तू हेच काम शिकायला निघालास तेव्हा मी तुला काय बोललो, ते तुला पाठ असेल. इथे पुन्हा लिहीत नाही.

तुला एकच विचारायचंय, आणि दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. ते त्या पुलावानेच झालं का? की दुसरंही काही कारण असू शकतं? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. उत्तर घरी नको, कारखान्यात पाठव. घरी आलेलं पत्र आजी मोठ्याने वाचून घेते, आणि फोनवरचं बोलणंही तिच्या कानातून सुटत नाही. तिला हे कळता कामा नये. ऐंशीच्या घरात आली आहे. जे तिने प्रेमाने वाढलं, ते तसंच राहू दे.

पण पुढच्या बुधवारी ती पुन्हा दारात उभी असेल. मी नाही म्हटलं तर एका घासाने असं काय होतं, ते विचारेल, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. तू नातू आहेस, डॉक्टर आहेस. तू हसत हसत म्हणालास, "आजी, बाबा आल्यावर खातील," तर ती तुझा कान पिळेल, पण ऐकेल. मंगळवारी रात्रीपर्यंत पोचलास तर बरं होईल. हाताची मला भीती नाही. झोपवलं तर उठेन की नाही, याची आहे. तेव्हा कोणी ओळखीचं जवळ असावं.

निघताना दिलफुझाबाईंना सांगितलं, माझा मुलगाही हेच काम करतो. त्यांनी आनंदाने विचारलं, "कुठल्या रुग्णालयात?"

मला सांगता आलं नाही. तेवढं कळव.

तुझा बाप,
इकरोम