ह्यांच्या वाट्याचं वचन

आई, आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी झाले. तू गेलीस तेव्हा तुझे केस माझ्या आजच्या केसांहून काळे होते. तरी अडलं की विचारायला तूच आठवतेस, आणि सध्या अडलंय. हे नाताळाच्या आधीपासून अंथरुणाला खिळून आहेत. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस. कळतं सगळं, डोळ्यांत दिसतं. दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांत आता फक्त माझाच आवाज असतो, आणि तो किती करडा आहे हे मला पहिल्यांदाच ऐकू येतंय.

चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत अजूनही कार्डांचं तबक फिरतं. न बघता एक कार्ड उचलायचं, त्यावरचं बायबलमधलं वचन आपलं वर्षभराचं. जो येऊ शकला नाही त्याचं घरच्यांनी उचलायचं. ह्यांच्यासाठी मी उचललं, तर देव तुझ्या तोंडात नवं गीत घालील, अशा अर्थाचं निघालं. ज्याला पाणी मागता येत नाही त्याला गीत! मंडळीतल्या बायका मात्र हरखल्या. "बघा बाई, देवाची योजना! ईस्टरपर्यंत सर बोलायला लागणार." मग दर बुधवारी प्रार्थनेला येऊन खाटेभोवती उभ्या राहायच्या. "सर, म्हणा, प्रभू. म्हणा ना." हे तोंड वाकडं करून प्रयत्न करायचे, घामाघूम व्हायचे. ईस्टर गेला. तेव्हा एकीने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "रागावू नका बाई, पण घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." मी म्हटलं, "चहा झाला असेल तर निघा." निघाल्या. पुन्हा कुणी आलं नाही.

त्या दिवशी आपलं मुलुंडचं स्वयंपाकघर आठवलं. माझ्या धाकट्या भावाच्या नावाने तू दीर्घायुष्याचं वचन उचललं होतंस, आरशाच्या कडेला खोचलं होतंस, आणि उन्हाळा संपायच्या आत तो तापाने गेला. मी कॉलेजात शिकणारी, प्रत्येक गोष्टीचं कारण मागणारी. तू भाकरी थापते आहेस, मी ते कार्ड परातीशेजारी आपटते. "आता सांग, ही कसली योजना?" तू मान वर करत नाहीस. "देव काय कंपाउंडर आहे गं? चिठ्ठी दाखवली की बाटली भरून देणारा?"

"मग वचन दिलं कशाला?"

"वचन धरून बसायचं असतं. आपण त्याला तारीख लावून बसलो." तू भाकरी उलटतेस. "योजना त्याची. मला कळलेली नाही. तुला कळली तर मलाही सांग. तोवर कांदा चीर." आणि संध्याकाळी पांढरा गणवेश चढवून दुसऱ्यांची मुलं सांभाळायला वॉर्डात गेलीस. मला तू दगड वाटलीस. ड्यूटीवरून एकटी घरी येताना तू काय करत होतीस, हे मात्र मला आता विचारावंसं वाटतं.

हल्ली रविवारी शेजारची मुलगी ह्यांच्याजवळ बसते. "जा काकू, तुमच्या देवाकडे जाऊन या. आमची बुद्धवंदना झाली सकाळीच."

"त्रास देतील हं ते."

"ते कसले देतायत! तुमच्यापेक्षा गरीब आहेत काका." ह्यांना तेव्हा हसू येतं, अर्ध्या तोंडाने. मी जाते, शेवटच्या बाकावर बसते. कुणी विचारलं तर "ठीक" म्हणते, आणि विचारणारा सुटल्यासारखा पुढे सरकतो.

मंडळीला वाटतं, मी घरी प्रार्थना सोडली. सोडलेली नाही. लग्नापासून जेवणाआधीची प्रार्थना हे करायचे, शेवटचं आमेन माझं. आता मी करते, शाळेत शिकवत होते तेव्हा सूचना वाचायचे त्या आवाजात, थोडक्यात. शेवटाला येते आणि थांबते, कारण आमेन आता ह्यांचं. हे माझ्याकडे बघतात, ओठ हलतात, काही येत नाही. मीही म्हणत नाही. प्रार्थना तशीच उघडी ठेवते आणि पेज भरवायला घेते. हे पत्र तुला पोचायचं नाही म्हणून सांगते, याला विश्वास म्हणतात की हट्ट, मला ठाऊक नाही. पण ह्यांच्या आधी मी आमेन म्हणणार नाही.